मागे राहिलेले पाणी

ब्रिटनमध्ये ईस्टरच्या सुट्ट्या जवळ आल्या की हिवाळाभर आच्छादनाखाली उभ्या करून ठेवलेल्या कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची फिरती घरे, बाहेर निघू लागतात, आणि गाद्यांना ऊन दाखवून, चाकांतील हवा तपासून, गॅसचा सिलिंडर जोडून झाल्यावर मालक शेवटी जेव्हा पाण्याचा पंप सुरू करतो, तेव्हा कित्येकदा त्याच्या असे दृष्टीस पडते की पाणी तोटीतून येण्याऐवजी पलंगाखालच्या फळीतून, कपाटाच्या पाठीमागून किंवा थेट पायांखालच्या सतरंजीतून वर येत आहे. हे नुकसान त्या दिवशी झालेले नसते. जानेवारीतील एखाद्या निरभ्र, निवांत रात्री, जेव्हा त्या कॅराव्हॅनच्या आसपास कोणी फिरकलेही नव्हते, तेव्हा चार-सहा तासांत ते घडून गेलेले असते. त्याची वार्ता मालकाला मिळावयास मात्र वसंत उजाडावा लागतो.

थंडीने नळ फुटला असे आपण सहज बोलून जातो, परंतु थंडी स्वतः नळ फोडीत नाही; नळात पाणीच नसेल तर ध्रुवप्रदेशातील थंडीही त्याला सहसा धक्का लावू शकणार नाही. नुकसान करते ते मागे राहिलेले पाणी, आणि तेही बहुधा असे पाणी की जे तेथे आहे याची मालकाला कल्पनाच नसते. निष्काळजीपणाने पाणी मुळीच न काढणाऱ्यांची गोष्ट वेगळी. परंतु ज्यांनी पाणी काढले आणि तरीही ज्यांना नुकसान सोसावे लागले, त्यांची संख्या थोडी नाही, आणि मला त्यांच्याचविषयी अधिक आस्था वाटते, कारण त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे सर्व बंदोबस्त केलेला असतो. कसूर असते ती एवढीच की पाणी कोठे कोठे दडून बसते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

पाण्याला दडून बसावयास इतक्या जागा पूर्वी नव्हत्या. केवळ हौसेने प्रवास करण्यासाठी बांधून घेतलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून जिचा उल्लेख केला जातो ती ‘वाँडरर’ डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश गृहस्थांनी १८८५ साली ब्रिस्टल येथे तयार करवून घेतली. हे गृहस्थ ब्रिटिश आरमारात शल्यविशारद होते आणि पुढे मुलांसाठी साहसकथा लिहून त्यांनी नाव मिळविले होते. दोन घोडे, एक कोचमन आणि एक सेवक बरोबर घेऊन ते त्याच वर्षी इंग्लंडच्या दक्षिण भागातून निघाले आणि पार उत्तरेस इन्व्हर्नेसपर्यंत जाऊन पोहोचले. १९०७ साली या छंदाच्या लोकांनी कॅराव्हॅन क्लबाची स्थापना केली, १९१९ च्या सुमारास मोटारीच्या मागे जोडावयाच्या कॅराव्हॅन बर्मिंगहॅमकडे बांधल्या जाऊ लागल्या, आणि तरीही पुढे कित्येक वर्षे या फिरत्या घरांतील पाण्याची व्यवस्था म्हणजे एक डबा, एक बादली, आणि फार झाले तर पायाने दाबावयाचा एक लहानसा पंप एवढीच असे. १९६२-६३ चा हिवाळा इंग्लंडने १७४० नंतर अनुभवलेला सर्वांत थंड हिवाळा होता. त्या जानेवारीत मध्य इंग्लंडचे सरासरी तापमान उणे २.१ अंश होते, आणि केंटच्या किनाऱ्यावर हर्न बे येथे समुद्राचे पाणीसुद्धा गोठले. परंतु त्या काळच्या साध्या कॅराव्हॅनच्या मालकाला पाण्याच्या बाबतीत करावयाचे ते एवढेच, की डबा उपडा करावा आणि पायपंप दोन-चार वेळा कोरडा दाबावा. विजेचा पंप, गॅसवर तापणारा बंब, शॉवर, पाणी गाळणारी गाळणी, धुऊन निघणारे शौचपात्र आणि खोल्यांतून फिरणाऱ्या ऊन द्रवाची मध्यवर्ती उष्णता ही सुखे नंतर आली, आणि प्रत्येक सुखाबरोबर पाण्याचा एकेक नवा अड्डा भिंतींच्या आड तयार होत गेला.

पाणी गोठताना नेमके काय करते हे येथे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे. बहुतेक पदार्थ थंड होताना आकसत जातात. पाणीही आकसते, पण ते ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याखाली ते पुन्हा हळूहळू पसरू लागते, आणि शून्य अंशाला बर्फ होताना तर एकदम सुमारे ९ टक्क्यांनी फुगते, म्हणजे अकरा मापे पाण्याचा बारा मापे बर्फ होतो. या फुगण्यातील बळ किती भयंकर आहे याचे प्रयोग शास्त्रज्ञांनी फार पूर्वी करून ठेवले आहेत. ख्रिस्तियान हॉयगेन्स यांनी १६६७ साली बोटभर जाडीच्या लोखंडी तोफेच्या नळीत पाणी भरून, तिचे तोंड पक्के बंद करून ती थंडीत ठेवली, आणि ती फुटली. पुढे १७८४-८५ च्या हिवाळ्यात कॅनडातील क्वेबेक येथे तोफखान्याचे मेजर एडवर्ड विल्यम्स यांनी भक्कम लोखंडी बॉम्बगोळ्यांत पाणी भरून, त्यांच्या छिद्रांत लोखंडी बुचे ठोकून बसविली. बर्फ झाला तेव्हा एक बूच चारशे फुटांहून दूर जाऊन पडले. जेथे तोफेचे लोखंड टिकत नाही तेथे कॅराव्हॅनमधील बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या नळीची ती काय कथा!

परंतु या विषयात एक गोष्ट अशी आहे की जी कळल्यावाचून सगळी खबरदारी अपुरी राहते. नळी फुटते ती ज्या जागी बर्फ झाला त्याच जागी फुटते असे नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात घरातील नळांवर प्रयोग करून असे दाखवून दिले की प्रथम नळीच्या सर्वांत थंड भागात बर्फाचा खडा धरतो, तो नळीच्या लांबीच्या दिशेने वाढत जातो, आणि पुढील तोटी बंद असेल तर त्या खड्याच्या व तोटीच्या मध्ये सापडलेल्या, अद्याप न गोठलेल्या पाण्यावर त्याचा दाब पडत राहतो. पिचकारीच्या तोंडावर बोट दाबून दट्ट्या रेटीत राहावा तसा हा प्रकार होय. दाब वाढत वाढत जेथे सांधा कच्चा असेल, जेथे प्लॅस्टिक पातळ असेल, तेथे तो वाट काढतो. आणि ती जागा बर्फापासून हातभर दूर, अगदी उबदार कपाटातही असू शकते. उलट, नळी अर्धीच भरलेली असेल आणि तिची तोटी उघडी असेल, तर पाण्याला फुगावयास जागा मिळते आणि बर्फ होऊन तो वितळूनही जातो, नळीला काही होत नाही. कॅराव्हॅनचे पाणी काढून टाकल्यावर सर्व तोट्या हिवाळाभर उघड्याच ठेवाव्यात, असे जे जाणते लोक आग्रहाने सांगतात, त्यातील मर्म हेच आहे.

आता कॅराव्हॅनची रचना पाहू. ब्रिटनमध्ये घराला येणारा पाण्याचा नळ जमिनीखाली कमीत कमी ७५० मिलिमीटर खोल पुरावा लागतो, कारण तेवढ्या खोलीवर मातीची ऊब त्याचे रक्षण करते. चाकांवरच्या घराला मातीचा हा आधार नाही. त्याच्या भिंती दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या, नळ्या बाहेरच्या भिंतीला चिकटून आसनांखालून व पलंगपेट्यांतून गेलेल्या, तळाला वारा लागणारा, आणि सगळ्या नळ्यांत मिळून पाणी इतके थोडे की गोठावयास त्याला रात्रही पुरी लागत नाही. पाणी बाहेर ठेवलेल्या चाळीस लिटरच्या लोळत नेता येणाऱ्या पिंपातून येते. त्यात सोडलेला किंवा आत बसविलेला लहान विजेचा पंप ते ढकलतो. मग ते एका गाळणीतून जाऊन दोन वाटांनी विभागते, एक वाट थेट थंड तोट्यांकडे आणि दुसरी बंबाकडे. वाटेत जागोजागी पाणी उलट फिरू नये म्हणून एकमार्गी झडपा बसविलेल्या असतात. या झडपा हिवाळ्यापूर्वी विसरल्या जाणाऱ्या जागांत पहिल्या, कारण पाणी मागे जाऊ न देणे हेच त्यांचे काम, आणि निचरा करताना नेमके पाणी मागेच जावयाचे असते.

निचऱ्याची पद्धत कागदावर सोपी आहे. पंपाची वीज बंद करावी, सर्व तोट्या उघडाव्यात, बंबाची व नळ्यांची निचऱ्याची झडप उघडावी. ही झडप पुष्कळ कॅराव्हॅनमध्ये पलंगाखाली असते आणि तिचा दांडा पिवळा असतो. पाणी तळातून खाली पडू लागते आणि मिनिटभर धो धो वाहून थांबते. बहुतेकांचे काम येथेच संपते, आणि बहुतेकांची फसगतही येथेच होते; कारण वाहणे थांबले याचा अर्थ पाणी संपले असा नसून, उरलेल्या पाण्याला उतार मिळत नाही एवढाच असतो. म्हणून पुढच्या बाजूच्या आधाराच्या चाकाने कॅराव्हॅनचे नाक एकदा चांगले उंच करावे आणि मग खाली न्यावे, म्हणजे मधे झोळ पडलेल्या नळ्यांतील पाणीही वाटेला लागते. शॉवरची चकती काढून तिची नळी खाली लोंबती ठेवावी. गाळणी काढून टाकावी. पिंपातील पंप बाहेर काढून झटकावा. शौचपात्राच्या धुण्याच्या पाण्याची टाकी निराळी असते, ती विसरू नये. काही जण सायकलच्या किंवा मोटारीच्या हवेच्या पंपाने, अगदी मंद दाबाने, नळ्यांतून हवा फुंकतात. हा उपाय उत्तम आहे, मात्र जोर करू नये, कारण ज्या सांध्यांना आपण वाचवू पाहतो ते सांधे हवेच्या दाबानेही निखळू शकतात.

तोटीविषयी मला थोडे अधिक सांगावयाचे आहे. आजकालच्या कॅराव्हॅनमध्ये एकाच दांड्याने गरम व थंड पाणी सोडणारी तोटी असते. हा दांडा एका बाजूला पूर्ण वळवून वर केला तर केवळ थंडाची किंवा केवळ गरमाची वाट उघडते, दुसरी बंदच राहते, आणि दांडा उघडा दिसत असल्यामुळे मालक निश्चिंत होतो. दांडा मधोमध ठेवून वर उचलला तरच दोन्ही वाटा मोकळ्या होतात. ही तोटी खोलून पाहिली तर तिच्या पोटात अंगठ्याएवढी एक प्लॅस्टिकची डबी आढळते. तिच्यात दोन घासून गुळगुळीत केलेल्या चकत्या एकमेकींवर फिरतात आणि त्यांच्यामध्ये जेमतेम चमचाभर पाणी राहते. तेवढे चमचाभर पाणी गोठले की त्या डबीच्या कडेला केसाएवढी चीर जाते. उजेडासमोर धरून, नख फिरवून पाहिल्यावाचून ती दिसतही नाही. वसंतात तोटी नेहमीसारखी चालते, पाणी नेहमीसारखे येते. पण त्याचा एक बारीक पाझर तोटीच्या बुडाशी, ओट्याखाली, कपाटातील ताटांच्या मागे सुरू होतो आणि महिनोन् महिने चालू राहतो. फुटलेल्या नळापेक्षा ही चीर मला अधिक घातक वाटते, कारण फुटलेला नळ आपली फिर्याद लगेच घेऊन येतो.

उष्णतेच्या व्यवस्थेविषयी जे गैरसमज आहेत त्यांचे निराकरण करणे याहूनही निकडीचे आहे. केवळ गरम हवा फुंकणारी गॅसची शेगडी असेल तर तिच्यात पाणीच नसल्याने हिमाचे भय जवळजवळ नाही. परंतु पुष्कळ चांगल्या कॅराव्हॅनमध्ये आता स्वीडनमधील आल्डे या पद्धतीची व्यवस्था असते: एक छोटा बंब, त्यातून निघणारे ऊन द्रव, आणि भिंतींच्या कडेने फिरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळ्या. या द्रवात पाण्याबरोबर ग्लायकॉल मिसळलेले असते. निम्मे-निम्मे प्रमाण असेल तर ते उणे तीस अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. येथूनच भ्रम सुरू होतो. मालक म्हणतो, माझ्या बंबात न गोठणारे द्रव आहे, मग पाणी काढावयाची काय गरज? वास्तविक त्याच बंबात एकात एक बसविलेल्या पोलादी नळकांड्या असतात, आणि त्यांपैकी एकात न गोठणारे द्रव असले तरी दुसरीत तोटीला जाणारे साधे पाणी, सुमारे आठ लिटर, उभे असते. ते गोठले की पोलादाची भिंत फुगते, तिला पोक येते, सांधा उसवतो. आणि अशा बंबाला डागडुजी चालत नाही, पुष्कळदा तो समूळ बदलावा लागतो. कॅराव्हॅनच्या हिमबाधेत सर्वांत मोठा खर्च जर कोणता असेल तर तो हाच.

ते द्रवसुद्धा कायमचे निर्धोक नाही. ग्लायकॉल कालांतराने विघटन पावून आम्लधर्मी होते आणि ॲल्युमिनियमला खाऊ लागते. म्हणून साधे द्रव दर दोन वर्षांनी आणि दीर्घ मुदतीचे द्रव पाचेक वर्षांनी बदलावे असा दंडक आहे. शिवाय पातळी खाली गेलेली दिसली की कित्येक जण टाकीत साधे पाणी ओततात. असे चार-पाच हिवाळे झाले की मिश्रण इतके पातळ होते की ज्या रक्षकावर भिस्त ठेवली त्याच्यातच बर्फाची वाळू धरू लागते. मिश्रणाची घनता मोजण्याचे लहानसे उपकरण मोटारीच्या सामानाच्या दुकानात मिळते आणि दर शरद ऋतूत ते एकदा बुडवून पाहिले तर हा धोका उरत नाही. मात्र हे ग्लायकॉल पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत कधीही घालू नये, कारण मोटारीत वापरले जाणारे एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. अमेरिकेत पिण्याच्या नळ्यांत हिवाळ्यापुरते जे गुलाबी द्रव भरण्याची रीत आहे ते प्रॉपिलीन ग्लायकॉल असते आणि वसंतात ते पूर्णपणे धुऊन काढावे लागते. ब्रिटनमध्ये नळ्या कोरड्या करण्याचीच पद्धत अधिक रूढ आहे आणि मला तीच अधिक सरळ वाटते.

जर्मनीच्या ट्रूमा कंपनीच्या बंबांवर एक स्वयंचलित झडप असते, जी आसपासचे तापमान सुमारे ३ अंशांपर्यंत उतरले की आपोआप उघडते आणि बंबातील पाणी बाहेर सोडून देते. तापमान ७ अंशांच्या वर गेल्याखेरीज ती पुन्हा बंद करता येत नाही. ही योजना फार बुद्धिमान आहे, पण तिच्याविषयी दोन गोष्टी माहीत असल्या पाहिजेत. एक तर ती केवळ बंब रिकामा करते, तोट्या, पंप व गाळणी नव्हे. दुसरे असे की थंड दिवशी कॅराव्हॅन उघडून पाणी भरू पाहणाऱ्याला ती झडप बिघडली आहे असे वाटते, कारण भरलेले पाणी तळातून वाहूनच जाते. आणि मग कोणी तरी कपडे वाळत घालावयाचा चिमटा लावून ती दाबून धरण्याची युक्ती सांगतो. ती युक्ती कधीही करू नये. आधी शेगडी लावून खोली व झडपेची जागा उबदार करावी, तासभर थांबावे, आणि मगच पाणी भरावे. चिमट्याने बांधलेली झडप पुढच्या थंड रात्री आपले काम करू शकत नाही, आणि तिच्या पाठीशी दहा लिटर पाणी उभे असते.

ज्यांना हिवाळ्यातही कॅराव्हॅनमध्ये राहावयाचे असते त्यांच्यासाठी गॅसचा प्रश्न पाण्याइतकाच महत्त्वाचा आहे. द्रवरूप गॅस सिलिंडरातून वायू होऊन बाहेर यावा लागतो. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाच्या सुमारास वायू व्हावयाचे थांबते, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहते. ब्रिटनमध्ये ब्यूटेनचा सिलिंडर निळा व प्रोपेनचा लाल असतो. निळा सिलिंडर जोडून राहणाऱ्याची शेगडी ज्या रात्री सर्वांत जास्त हवी असते नेमकी त्याच रात्री, सिलिंडर भरलेला असताना, विझते. आणि ती विझल्यावर पहाटेपर्यंत नळ्यांचे काय होईल ते सांगावयास नको. आपल्याकडे घरोघरी येणाऱ्या सिलिंडरात दोन्ही वायूंचे मिश्रण असते आणि महाराष्ट्राच्या हवेत हा भेद कधी जाणवत नाही, म्हणून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना हे मुद्दाम सांगावेसे वाटते: ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत लालच सिलिंडर जोडावा. युरोपीय मानकानुसार तिसऱ्या श्रेणीची उष्णतारोधक कॅराव्हॅन बाहेर उणे १५ अंश असताना चार तासांत आत अधिक २० अंश करू शकली पाहिजे. पण ही हमी भिंतींच्या आतील भागापुरती आहे. बाहेरचे पिंप, त्याची नळी आणि सांडपाण्याची नळी यांना ती लागू नाही. त्यांना रात्री आत घ्यावे किंवा लोकरी आवरण घालावे, आणि आत पलंगपेट्यांची झाकणे रात्री उघडी ठेवावीत, म्हणजे खोलीतील ऊब नळ्यांपर्यंत पोहोचते.

आता नुकसान झालेच तर काय करावे? पहिली गोष्ट, घाई करू नये. नळी गोठलेली असेल तर ज्योत कदापि लावू नये. तोटी उघडी ठेवून खोली हळूहळू तापवावी, किंवा केस वाळविण्याच्या यंत्राने तोटीकडून गोठलेल्या भागाकडे ऊब देत जावे, म्हणजे वितळलेल्या पाण्याला पुढे वाट राहते. बंब पेटवावयाचा नाही. आधी थंड पाणी सगळीकडे नीट फिरते आहे याची खात्री करून घ्यावी. मग सर्व तोट्या बंद करून पंप चालू करावा आणि कान देऊन ऐकावे. जेथे दाबाने बंद होणारा पंप आहे तेथे तो काही सेकंदांत थांबला पाहिजे आणि थांबलेलाच राहिला पाहिजे. तो मधूनमधून क्षणभर वाजत असेल तर कोठे तरी पाझर आहे, आणि थांबतच नसेल तर मोठी गळती आहे. प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागदी रुमाल ठेवून तासाभराने पाहिल्यास बारीकातला बारीक पाझर सापडतो. कित्येकदा नळी फुटलेली नसून सांध्यातून केवळ निसटलेली असते, आणि ती सरळ कापून पुन्हा घट्ट दाबून बसविली की काम होते. फुटलेला तुकडा कापून काढून जोडणीचा सांधा बसविणे हेही हाताने काम करणाऱ्या माणसाला जमण्यासारखे आहे. पण बंबाला, त्याच्या गॅसच्या नळीला किंवा धुराच्या वाटेला स्वतः हात लावू नये. ब्रिटनमध्ये २००९ पासून गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असलेल्या माणसाखेरीज कोणी पैसे घेऊन गॅसचे काम करू शकत नाही, आणि हा निर्बंध अगदी योग्य आहे. धुराची वाट किंचित वाकली तरी कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही.

नळाच्या दुरुस्तीपेक्षा जमिनीची दुरुस्ती महाग पडते, आणि तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. कॅराव्हॅनची जमीन म्हणजे दोन पातळ प्लायवुडच्या थरांमध्ये चिकटविलेला फेसाळ प्लॅस्टिकचा थर. पाणी आत मुरले की चिकटलेले थर सुटतात, पायाखाली जमीन लवू लागते, लाकडी कडांना बुरशी धरते. म्हणून गळती सापडल्यावर नळ दुरुस्त करून सतरंजी पुन्हा अंथरू नये. सगळे उचलावे, पेट्या रिकाम्या कराव्यात, हवेतील ओल शोषणारे यंत्र लावून आठवडे-दोन आठवडे जमीन वाळवावी, आणि ओल मोजणाऱ्या उपकरणाने खात्री झाल्यावरच झाकावी. अतिशय जोराने तापवून घाईने वाळविल्यास लाकूड वाकते. येथे सबुरीच उपयोगी पडते. विम्याविषयी एक शब्द: पुष्कळ विमापत्रांत हिमाने झालेले नुकसान तेव्हाच भरून मिळते जेव्हा हिवाळ्यापूर्वी पाणी काढले होते असे दाखविता येते. ते कलम आधीच वाचावे, आणि निचरा केल्याची तारीख, शक्य तर छायाचित्रासह, दफ्तरी ठेवावी.

आपल्या महाराष्ट्रात निफाडला कडाक्याच्या रात्री द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पहाटे पाणी सोडले जाते, आणि तरीही मणी तडकतात. पाणी साठलेल्या जिवंत पेशींवर थंडी काय करते हे त्या बागाईतदारांना सांगावयास नको. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, आणि सह्याद्रीत किंवा कोकणात फिरणाऱ्याला या लेखातील एकही शब्द लागू पडणार नाही. परंतु ज्यांचे फिरते घर ऑक्टोबरात स्पिती किंवा लडाखकडे वळेल त्यांच्या नळ्यांना इंग्लंडपेक्षाही कठोर रात्री भेटतील. तेथे मुक्कामाच्या जागी झोपण्यापूर्वी टाकीतील पाणी आत भांड्यांत काढून घ्यावे, नळ्या रिकाम्या कराव्यात, तोट्या उघड्या ठेवाव्यात. सकाळी ऊन वर आल्यावर पुन्हा भरावे. दहा मिनिटांचे काम आहे.

जुनी कॅराव्हॅन विकत घेणाऱ्यासाठी शेवटी एक सूचना. वसंतात विकावयास निघालेल्या गाडीच्या गाद्या, पडदे व रंग पाहण्यात लोक वेळ घालवितात आणि पाणी मागत नाहीत. विक्रेता सांगतो की पिंप जवळ नाही, गॅस संपला आहे, एरवी सर्व ठीक आहे. तेव्हा आपणच पिंप भरून न्यावे, पंप सुरू करून अर्धा तास चालू ठेवावा, गरम व थंड दोन्ही तोट्या उघडून पाहाव्यात, बंब पेटवून पाण्याची ऊब हाताला लागेपर्यंत थांबावे, आणि मग गाद्या उचलून प्रत्येक पेटीच्या तळावर तळहात फिरवावा. व्यवहाराची बोलणी त्यानंतर करावीत.